चौथ्या चाकाची रेघ

सकाळचे नऊ वाजून गेले होते. चहाचा कप विसळून पालथा घातला आणि हात पुसायला खुंटीवरचा यांचा जुना शर्ट, गाडीच्या कामाला मी अंगावर चढवते तो, ओढला, तर खिशातलं काहीतरी बोटाला लागलं. काढून बघितलं. नेलपॉलिशची रिकामी बाटली. लाल. तळाला वाळलेले दोन थेंब चिकटलेले.

ती उजेडात धरली. काल दुपारी ही बाटली तिसऱ्या चाकाच्या शेवटच्या नटावर संपली होती. मग चौथ्या चाकाला मी रेघ कशाने ओढली?

ओढलीच नव्हती. आणि रेघ ओढली नव्हती, तर चौथ्या चाकाचे नट तरी आवळले होते का?

गाडी दारात नव्हती. नात सातलाच घेऊन गेली होती. तिला मुलाखतीला जायचं होतं, डोंगरापलीकडच्या शहरात, एकटीला.

आता ही रेघ काय, ते सांगते. आमचे हे भाड्याची गाडी चालवायचे. पुढे यांची पाठ गेली आणि गाडीखाली आडवं पडायचं काम माझ्याकडे आलं. हे खुर्ची टाकून बसायचे आणि वरून सांगायचे. शाळेत मी जेवढे दिवस बसले, त्याहून जास्त दिवस गाडीखाली पडले असेन. ऑइल बदलणं, ब्रेकच्या पट्ट्या, प्लग साफ करणं, चाकं पुढची मागे आणि मागची पुढे करणं, सगळं. यांची एकच शिस्त होती. नट आवळून झाला की नटावरून खाली रिमवर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. नट सैल पडून फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही.

घरात मग तोच शब्द पडला. दाराला कुलूप लावलं का, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. रेघ ओढली का, असं विचारतात. लेकाचं लग्न ठरवून मी घरी आले, तेव्हाही हे खाटेवरून एवढंच म्हणाले होते, "रेघ ओढून आलीस ना?"

हे गेले, गाडी दुसरी आली, पण हत्यारांची पेटी तीच आणि शिस्त तीच. लेकाला मात्र ते खपत नाही. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा भक्त. तिथे काचेमागे बसायला सोफा आहे, थंड हवा आहे, आणि गळ्यात टाय बांधलेला एक माणूस आहे, जो 'सर' म्हणून खुर्ची पुढे करतो. माझ्या लेकाला आयुष्यात एवढा मान कोणी दिला नसेल, घरात तर नाहीच, म्हणून तो तिथे रमतो.

एकदा मीही गेले होते त्याच्याबरोबर. जायच्या आदल्या दिवशी हवेच्या फिल्टरच्या कडेला एक बारीक लाल रेघ ओढून ठेवली. गाडी धुऊन पुसून परत आली. टायवाल्याने यादी दाखवली, फिल्टर नवीन बसवला, पुढे बरोबरची खूण. मी तिथेच बॉनेट उघडायला लावलं, फिल्टरचं झाकण काढलं आणि रेघ त्याच्या नाकासमोर धरली. सोफ्यावरची माणसं उठून बघायला आली. टायवाला माफी मागत होता, आणि मी त्याला सांगितलं, "तुमची खूण कागदावर असते, बाबा. आमची नटावर असते." लेक महिनाभर माझ्याशी धड बोलला नव्हता.

कालचं भांडण या सर्व्हिस सेंटरवरूनच. तीन चाकं झाली होती. चौथं, म्हणजे पुढचं डावीकडचं, मी चढवलं होतं, नट बोटांनी फिरवून बसवले होते आणि जॅक खाली घेतला होता. आता पान्याने आवळायचं आणि रेघ ओढायची, एवढंच राहिलं होतं. गुडघे बोलायला लागले होते, म्हणून म्हटलं, उठतेच आहे तर आधी नवी बाटली आणू. आत जाऊन शोधली. लाल कुठे नाही. नातीच्या ड्रॉवरमध्ये एक बाटली सापडली, ती निळी. पोरगी हल्ली नखं अशी रंगवते की शाईच्या दौतीत बोटं बुडवून आल्यासारखी दिसते. आपल्या गाडीला निळं लावायचं नाही म्हणून मी ती तशीच टाकली आणि बाहेर आले, तर दारात लेक उभा, हातात कंपनीचा कागद. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची शाखा आहे, दहाची वेळ घेतली आहे, टाचणी तिथे थांबेल, ते गाडी तपासतील आणि मगच ती वर चढेल.

टाचणी म्हणजे नात. लहानपणी काडीसारखी होती आणि बोलली की टोचायची. अजून टोचते.

मी विचारलं, मी काय चार तास इथे भातुकली खेळत होते का. त्याने विचारलं, तुझं वय काय. मग आमचं जुंपलं. शेवटी तो म्हणाला, "एक चूक होऊ दे आई, पेटी भंगारात जाईल." मी म्हटलं, "चूक दाखव, पेटी मी स्वतः उचलून दारात ठेवते."

त्या रागात मी अंगणात गेले आणि आवरलं. पाना पेटीत ठेवलेला आठवतो. झाकण आपटलेलं आठवतं. त्याआधी पाना चाकाला लावला होता का? तिथे सगळं कोरं. कितीदा डोळे मिटून बघितलं, लेकाचं तोंड दिसायचं, चाक दिसायचं नाही.

आणि सकाळी टाचणी निघताना मी खिडकीतून वाकून तिला हळूच सांगितलं होतं, बापाचं ऐकून त्या कंपनीत थांबू नकोस, सरळ पुढे जा. ती हसली होती. हो म्हणाली नव्हती, नाही म्हणाली नव्हती.

मी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन पिशवीत, पिशवी मागच्या सीटवर, हा नियम तिला मीच घालून दिलेला. सात वेळा लावला. पोरीने माझी एवढी आज्ञा आजच पाळायची होती.

नुसते हाताने बसवलेले नट लगेच काही म्हणत नाहीत. आधी स्टिअरिंग बारीक थरथरतं, रस्ताच खराब असेल असं वाटतं. मग खडखड येते. मग एक जातो, आणि तो गेला की बाकीचे फार वेळ धरत नाहीत. सपाट रस्त्यावर असली तर गाडी एका बाजूला बसेल. डोंगरावर, वळणावर असली तर... मी अंगणात गेले. काल जिथे चाक होतं तिथे ऑइलचा डाग होता, त्याच्याकडे बघितलं. आत आले. परत बाहेर गेले. पेटी उघडून पाना हातात घेतला, जणू तोच सांगणार होता.

सूनबाई आतल्या खोलीत कानाला हेडफोनचं यंत्र लावून ऑफिसचं काम करत होती. मी दोनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा मागे फिरले. तिला काय सांगायचं? तुझ्या पोरीच्या गाडीचं एक चाक मी तसंच सोडलं असेल, असं? काल सगळ्यांसमोर छाती काढून उभी होते, ती मीच.

घड्याळात साडेनऊ झाले. कंपनीच्या कागदावर त्या शाखेचा नंबर होता आणि तो कागद मी काल चुरगळून केराच्या डब्यात टाकला होता. डबा उपडा केला. चहाच्या चोथ्यातून कागद निघाला, शेवटचे दोन आकडे भिजून पसरलेले. तशी मी जमिनीवर बसले असताना सूनबाई पाणी प्यायला आली.

"आई, काय शोधताय?"

काही नाही, म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते खरंच आलं. सगळं सांगितलं, कंपनीत थांबू नकोस म्हणाले तेही. ती माझ्यासमोर खाली बसली. कागद घेतला, आपल्या फोनवर शाखेचा नंबर शोधला, लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिने स्वतः बोलायला हवं होतं, असं मला वाटलं. पण तिने मलाच दिला, आणि ते बरोबर होतं.

पलीकडचा आवाज मी ओळखला. टायवाला. बदली होऊन तो त्या शाखेत गेला होता. त्यानेही मला ओळखलं, कारण मी तोंड उघडताच तो म्हणाला, "फिल्टरवाल्या आजी ना?"

"हो," मी म्हटलं. "नीट ऐका. माझी नात पांढऱ्या गाडीतून तुमच्यासमोरून जाईल. तिला अडवा. पुढच्या डाव्या चाकाचे नट आवळायचे राहिले असावेत. चूक माझी आहे."

मला वाटलं होतं, आता हा सोफ्यावरच्या सगळ्यांना ऐकवेल. त्याने फक्त गाडीचा नंबर विचारला, मी सांगितला, आणि तो म्हणाला की माणूस रस्त्यावर उभा करतो, आजी, फोन हाताशी ठेवा.

मग मी लेकाला फोन केला. तो काल बोलला ते सगळं आज बोलेल, अशी मी तयारी केली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. "कळव," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला, ते विचारू नका. सूनबाईने यंत्र काढून ठेवलं होतं. ती खिडकीशी, मी दाराशी. रस्त्याने एक मालट्रक टायर वाजवत गेला आणि दोघी एकदम वळलो. मी ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. दहा वाजले. दहा वाजून पाच झाले. तिला फोन लावू का म्हणून सूनबाईने विचारलं आणि मी म्हटलं नको, त्यांचा येईल आणि आपला लागलेला असेल.

दहा वाजून अकरा मिनिटांनी फोन आला.

टायवाला म्हणाला, गाडी अडवावी लागली नाही. ती आपणहूनच दहाला आत वळली, वेळ घेतली होती म्हणून. मुलगी चहा पिते आहे. गाडी वर चढवून सगळे नट बघितले. घट्ट आहेत, पान्याला हलले नाहीत.

मी मान हलवून खूण केली. सूनबाई माझं तोंड बघून रडायला लागली.

"पण आजी, एक विचारू का?" तो म्हणाला. "तीन चाकांवर लाल रेघेच्या शेजारी एक निळी रेघ आहे. या डाव्या चाकावर नुसती निळीच आहे. त्याचा अर्थ काय?"

त्याचा अर्थ मला कळला. मी म्हटलं, पोरीला फोन द्या.

ती फोनवर आली. मागे हवेच्या पंपाचा आवाज येत होता.

"आजी, रागावू नकोस. मी थांबले."

"ते राहू दे. निळी रेघ कधी ओढलीस?"

"काल संध्याकाळी. तू आत गेल्यावर."

"नट कसे होते?"

"बोटाने फिरत होते."

"आणि बाकीच्या चाकांवर निळी का?"

"सगळ्यावरच आहे आजी. ऑइलच्या बोल्टवर पण आहे. मागच्या वर्षी ऑइलचं झाकण इंजिनवर तसंच राहिलं होतं ना, तेव्हापासून तुझ्यामागून मी बघते, आणि तू परत हात लावायच्या आत निळ्या रेघा पुसून टाकते."

मागच्या वर्षी. म्हणजे वर्षभर मी हात धुऊन आत जायची आणि ही माझ्यामागून गाडीखाली शिरायची. मी तिला निळ्या नखांवरून बोलत होते, तेव्हा ती बाटली कशाला आहे हे तिने एकदाही सांगितलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू पाना खाली ठेवला असतास."

मी तिला म्हटलं, निघ, उशीर होईल, आणि वळणावर हॉर्न दे. टायवाल्यालाही काहीतरी म्हणायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, "तुमच्या माणसाने नट जास्त तर आवळले नाहीत ना?" तो हसला. हा माणूस वाईट नाही. टाय तेवढा काढला पाहिजे.

दुपारभर मला बसवलं नाही. शब्द दिला होता, म्हणून पेटी ओढत ओढत दारात नेऊन ठेवली. सूनबाई म्हणाली, आई, असू द्या. मी म्हटलं, रेघ ओढली नव्हती म्हणजे नव्हती. संध्याकाळी लेक आला. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेटी ओलांडून आत जाऊन पाय धुतले. भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.

उजेड असतानाच टाचणी परत आली. मुलाखत कशी झाली म्हणून आईने विचारलं तर म्हणाली, बरी झाली, बघू. दारातली पेटी तिने पायाने ढकलत ढकलत जिन्याखाली तिच्या जागी नेली, मग पर्समधून निळी बाटली काढली आणि पान्यांच्या शेजारी ठेवली. कोणाला काही विचारलं नाही.

मी अंगणात जाऊन पुढच्या डाव्या चाकाशी वाकले. चार नटांवर चार निळ्या रेघा होत्या. नट घट्ट होते, अंगठ्याने दाबून बघितले. रेघा मात्र वाकड्या, एक तर रिमपर्यंत पोचलीही नव्हती. आत ओरडून तिला बाहेर बोलावलं. एवढ्याशा रेघेवर नट फिरला तर कळणार कसं, हे पोरीला एकदा नीट दाखवायलाच हवं होतं.