वादीच्या अलीकडे थांबलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी जीप आहे. मस्कतमधल्या वादी अदाई भागातल्या एका गॅरेजमागे विटांवर उभी आहे. माझी चाकं केव्हाच गेली. आता दारंही कुणी मागायला येत नाही.

एके काळी मात्र इब्रा गावामध्ये मला न ओळखणारं पोर सापडलं नसतं. माझे मालक महमूदसाहेब म्हणजे शाळेतले निवृत्त मास्तर. २०११ साली ते शूरा सभेच्या, म्हणजे देशाच्या सल्लागार सभेच्या, निवडणुकीला उभे राहिले आणि मला चालवायला गुहागरकडचा एकनाथ आला. तो मला लेकीसारखं पुसायचा. "चल गो बाय, आज लय फिरायचंय," म्हणायचा.

प्रचारात आम्ही वादीपलीकडच्या एका वस्तीत गेलो. वादी म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी. पण वर पाऊस झाला की ती बघता बघता दुथडी भरते. खुदेजा नावाच्या म्हातारीने माझ्या खिडकीवर हात ठेवून विचारलं, "पूल होईल?"

"इन्शाल्ला," साहेब म्हणाले.

"ते तर आहेच. तू काय म्हणतोस?"

साहेब खाली उतरले. "होईल. माझा शब्द."

तो शब्द मनापासूनचा होता. निवडून आल्यावर मी त्यांना मस्कतला किती वेळा नेलं! वाटेत ते आपलं भाषण एकनाथला म्हणून दाखवायचे. अखेर पूल मंजूर झाला, पण एकच. मग त्यांचे चुलतभाऊ माझ्यात येऊन बसले. त्यांच्या खजुराच्या बागा वादीच्या वरच्या अंगाला होत्या. त्यांना पूल तिथे हवा होता.

"आमच्या मतांवर निवडून आलास, महमूद."

साहेबांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "खलास, ठरलं. तिकडेच होऊ दे. खालचा पुढच्या खेपेला बघू."

एकनाथने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

पुढची निवडणूक २०१५ची. आम्ही पुन्हा त्या वस्तीत होतो आणि डोंगरावर काळेकुट्ट ढग आले होते. खुदेजाची सून रईसा बाळंतपणात अडली होती. तिला माझ्या मागच्या सीटवर झोपवून आम्ही निघालो, पण वादीपाशी पोचलो तेव्हा लाल पाणी दगडगोटे लोटत चाललं होतं. वरच्या पुलाकडे जायला या काठाने वाटच नव्हती.

"यल्ला एकनाथ, घाल गाडी!" साहेब ओरडले.

"नको, अर्बाब. सगळेच वाहून जाऊ," एकनाथ मालकांना म्हणाला.

खुदेजा हळूच म्हणाली, "तो खरं सांगतोय."

फोन लावले. मदत निघाली होती, पण सगळीकडच्याच वाटा तुटल्या होत्या. आम्ही थांबलो. रईसा एके काळी साहेबांच्या वर्गात होती. कळा ओसरल्या की ती विचारायची, "उस्ताद, पाणी उतरलं का?"

"उतरतंय, पोरी," साहेब म्हणायचे.

उतरत नव्हतं. दिवस मावळताना तिने विचारायचं सोडलं. मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी खुदेजा बादली घेऊन आली. एकनाथ पुढे झाला, "मी धुतो, अम्मा."

"राहू दे. माझं माणूस आहे."

तिने सीट धुतली. साहेब बाजूला उभे होते. तिने आपल्याला शिव्या घालाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. ती बादली उचलून निघून गेली.

साहेब पुन्हा निवडून आले. बागवाल्यांनी त्यांना खांद्यावर उचललं. माझ्यात मात्र ते परत कधी बसले नाहीत. एकनाथ नोकरी सोडून गावी गेला. जाताना त्याने मला पुसलं. मला विकलं. मी रुस्ताकच्या बाजारात भाजी वाहिली आणि मोडले तेव्हा इथे आले. तोवर त्या वस्तीला पूल झालेला नव्हता.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी आता कुणाला म्हणत नाही. पण उद्या चार माणसांचा कारभार तुमच्या हाती येईल, तेव्हा जवळच्यांना नाही म्हणायचं बळ आधीच कमवून ठेवा. महमूदसाहेब वाईट नव्हते हो. तेच मला अजून सोसत नाही.