सवडीने

विषय: मशीन

साहेब, चादरींना इस्त्री करायच्या मशीनचं लाल बटण दाबलं तरी रूळ थांबत नाहीत. बंद करा. कुणाचा तरी हात जाईल.

हा पहिला मसुदा. लिहिणारा लाँड्रीत त्याच मशीनवर कामाला. वाचणारी त्याची वहिनी, त्याच लाँड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट.

"भावजी, साहेबांना 'बंद करा'? मेल लिहिताय की हुकूम सोडताय?"

"मग काय, पाया पडू?"

"थोडं वाकल्यानं कंबर मोडत नाही. सरका."

विषय: किंचित अडचणीबाबत

आदरणीय महोदय, सविनय निवेदन की, लाल बटणाच्या प्रतिसादात किंचित विलंब जाणवत आहे. आपल्या सवडीने लक्ष घालावे, ही नम्र विनंती.

"यात हात कुठे गेला?"

"हातबित लिहायचं नसतं. वाचणाऱ्याला बरं वाटत नाही."

विषय: उत्तर: किंचित अडचणीबाबत

नोंद घेतली. आपली भाषा आवडली.

शेवटचं वाक्य वहिनीनं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

मग हात गेला. उजवा, कोपरापर्यंत. डाव्या हातानं त्यानं लाल बटण दाबून धरलं होतं, आणि रूळ फिरत होते.

साहेब हॉस्पिटलात आले. पॅसेजमध्ये वहिनीला बाजूला घेऊन अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "'किंचित' लिहिलंय. 'सवडीने' लिहिलंय. तातडीचं होतं तर तसं लिहायचं ना, बाई."

ती आत गेली.

"मशीन बंद केलं का त्यांनी?" दिरानं विचारलं.

"केलं असणार. एवढं झाल्यावर कोण चालवेल?"

त्यानं अंगाखालच्या चादरीची कड डाव्या हातानं वर ओढली. हॉस्पिटलच्या चादरी त्यांच्याच लाँड्रीत धुतल्या जात. कडेला एक तिरकी चुणी पडली होती.

"ही चुणी आपलंच मशीन पाडतं. चादर आजच इस्त्री होऊन आलीय, वहिनी. मशीन चालूच आहे. माझ्या हाताखालच्या जाड्याला उभं केलं असेल माझ्या जागी. त्याला उभा राहू नको सांगितलं तरी ऐकायचा नाही, नोकरी जाईल म्हणून घाबरतो."

वहिनीनं फोन काढला.

विषय: मशीन

साहेब, कृपया

ती थांबली. 'कृपया' पुसलं.

साहेब, लाल बटण दाबलं तरी रूळ थांबत नाहीत. मशीन आत्ता बंद करा. जाड्याचा हात जाईल.

"शेवटी काय लिहू, भावजी? 'आपली नम्र'?"

"काही नको. पाठवा."

विषय: उत्तर: मशीन

मेलचा सूर खटकला. सवडीने बोलू.