बारा नंबरचा हिरवा पडदा

आजी पाणीच पीत नव्हती. मांडीचं हाड मोडून ती भोसरीच्या दवाखान्यात पडून होती आणि डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईनही निघणार नाही आणि घरीही सोडता येणार नाही. मी शाळेतून थेट तिच्याकडे जायचे, ग्लास पुढे करायचे. ती तोंड फिरवायची.

"गिरजाबाई, रुसलात कुणावर?" मी तिला चिडवलं.

"गप, भवाने," आजी कुजबुजली. "पाणी पिलं की भांडं मागावं लागतंय. हितं, समद्यांसमोर?"

मी वर बघितलं. पलंगाभोवती दांडी होती, कड्या होत्या, पडदाच नव्हता! समोरच्या बाईंचे तीन पाहुणे आमच्याकडे तोंड करून केळी खात होते.

"पडदे धुवायला गेलेत, पंधरा दिवस झाले," स्वरूपा सिस्टर म्हणाल्या. "बारा पेशंट आणि मी एकटी. काय करू, सांग?"

त्यांचं बरोबर होतं. पण आजीचंही बरोबरच होतं ना!

पप्पा चाकणला कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहेत. त्यामुळे आमच्याकडे नळापासून दप्तराच्या चेनपर्यंत सगळं केबल टायनं, म्हणजे वायरी आवळायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं, बांधलेलं. दुसऱ्या दिवशी मी टायचं पुडकं आणि आजीची हिरवी नऊवारी घेऊन गेले आणि स्टुलावर चढले.

"ए, पडशील!"

"मग स्टूल धरा ना, सिस्टर!"

आणि धरलं की हो त्यांनी! काठाची चिमूट धरायची, कडीला टाय आवळायचा. करकच्च! नऊ वार तिन्ही बाजूंना पुरून उरले.

आठवडाभर "बारा नंबर" म्हणणाऱ्या सिस्टर भांडं घेऊन पडद्याबाहेर थांबल्या.

"गिरजाबाई, येऊ का आत?"

गावाकडच्या, कुरुळीच्या घराच्या दारात उभी असल्यासारखा आजीचा आवाज आला, "या की!"

थोड्या वेळानं पडदा सरकला.

"मिने, पाणी दे. आन् ग्लास कसला देतीस? तांब्या आण!"

शनिवारी सलाईन निघालं. सोमवारी घरी सोडलं. तोवर वॉर्डात सात पलंगांना घरच्या साड्या लागल्या होत्या, जांभळी, पिवळी, डाळिंबी, आणि माझं पुडकं संपलं होतं. निघताना मी हिरवी सोडायला स्टुलावर चढले, तर आजी खालून ओरडली,

"ऱ्हाऊ दे ती! बारा नंबरला उद्या कुणीतरी येईलच की."