राखणीला दिलेली जोडी

बिरदेवच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली त्याच्या बापानं, कोंडीबानं, मेंढरं विकली. लेक एकच, तो सांगलीत शाळामास्तर. इकडं जतच्या माळावर कोंडीबाचे दोन्ही गुडघे बसलेले. मेंढरांमागं हिंडायचं तर पाय हवेत. व्यापारी मेंढरं ट्रकात चढवायला लागला तेव्हा कोंडीबा बघायलासुद्धा थांबला नाही. बायकोला, सुलाबाईला, घेऊन एसटीत बसला आणि लेकाच्या घरी आला.

फ्लॅटमध्ये सगळं होतं, पण राखायला काही नव्हतं. पहाटे जाग यायची आणि उठून करायचं काय ते कळायचं नाही. घरात जितराब म्हणावं असं एकाच ठिकाणी होतं, नातीच्या खोलीत. सृष्टी कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. तिच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी, टाकीत खारं पाणी, दगड, चार जिवंत शंख, एक झिंगा आणि दोन मासे. निखाऱ्यासारखे शेंदरी, अंगावर काळ्या उभ्या रेघा, मागच्या परांच्या कडा निळ्या-जांभळ्या. लांबी बोटाएवढी.

"एवढं बारकं?" पहिल्या दिवशी कोंडीबा म्हणाला. "यांचं कोरड्यास तरी हुईल का?"

"आबा! खायचे नाहीत हे. एंजल म्हणतात यांना. बुटकी जात आहे, याहून फार मोठे होतच नाहीत."

"समुद्रातनं धरून आणलं?"

"नाही, तीच तर गंमत. यांनी समुद्र बघितलेलाच नाही. माणसांनी टाकीतच पैदा केलेत. धरून आणलेला मासा धास्तीनं खात नाही, कितीतरी वाटेतच मरतात. हे बघा." तिनं चिमटीत खाणं धरून बोटं पाण्यात बुडवली. दोन्ही मासे दगडाआडून आले आणि तिच्या बोटांना टोचे मारून खाऊ लागले.

कोंडीबा हसला. "म्हंजी बाटलीनं पाजल्यालं कोकरू. कळपात ऱ्हात न्हाई, मानसाच्या मागं फिरतंय."

"आणि दोन्ही आधी माद्याच होत्या. दोघी एकत्र ठेवल्या की मोठी असते तिचा नर होतो."

"ऐकलंस का गं?" कोंडीबानं दाराकडं बघून विचारलं.

"ऐकलं की," सुलाबाई म्हणाली. "ह्या घरात तसंच झालंय. आवं, कारभार मीच बगतीया न्हवं?"

सृष्टीला या जोडीची पिल्लं काढायची होती. सांजेला दिवा मंद झाला की मोठा मासा लहानीभोवती घिरट्या घालायचा, आणि सृष्टी श्वास धरून बघत बसायची. हळूहळू कोंडीबाही शेजारी खुर्ची ओढून बसायला लागला. टाकीतलं पाणी रोज बोटभर कमी व्हायचं. ते भरताना सृष्टी मीठ घालत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तिनं कारण सांगायच्या आत तोच म्हणाला, "बरूबर हाय. उन्हाळ्यात आमचं तळं आटलं की पानी मचूळ लागायचं. पानी उडून जातंय, मीठ तिथंच ऱ्हातंय. वरनं गोडंच पानी पायजे."

सृष्टी त्याच्याकडं बघतच राहिली. "आबा, हे समजायला मला पहिल्यांदा दोन मासे मारावे लागले होते."

दुसऱ्या वर्षी एप्रिलात तिला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला कोचीला जायचं होतं, समुद्री माशांची पैदास शिकायला. टाकी कोण बघणार? बिरदेव म्हणाला, माशांच्या दुकानवाल्या जोतिबाला सांगू, येऊन बघून जाईल. सृष्टी म्हणाली, "आबा आहेत ना."

त्या दिवशी कोंडीबा दोन घास जास्त जेवला. मेंढरं गेल्यापासून कुणी त्याच्या हवाली काही केलं नव्हतं. दूध आणायला सांगायचे, तेही बिरदेव परत विचारायचा, आणलं का म्हणून. आता जोडी राखणीला आली होती. ती नीट राहिली तर पुढंही आपल्याकडं येईल, बिघडली तर या घरात आपण पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीचे धनी, हे तो जाणून होता.

सृष्टीनं सांगितलं ते सरळ होतं. खाणं तीन वेळा, चिमूटभर. पाणी फिल्टरचं, मीठ न घालता, काचेवरच्या रेघेपर्यंत. त्यासाठी तिनं दोन मोठे जार भरून गॅलरीत ठेवले होते.

दोन दिवस कोंडीबानं जारचं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी वास घेतला. उन्हानं जार तापलेला, पाण्याला प्लॅस्टिकचा दर्प. असलं पाणी त्यानं कधी मेंढरालाही दाखवलं नव्हतं. घरात चांगलं पाणी कुठलं? सुलाबाईच्या तांब्याच्या हंड्यातलं. देवाला तेच, पाहुण्याला तेच, आजाऱ्यालाही तेच. त्यानं स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी हंड्यात भरलं, रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी टाकीत ओतलं. फिल्टरचं होतं, मीठ नव्हतं, रेघेपर्यंत होतं. पोरीनं सांगितलं त्यात काही मोडलं नाही, उलट एक पायरी वरचं केलं, असं त्याला वाटलं.

असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी सकाळी एक शंख काचेवरून सुटून वाळूत उताणा पडलेला. दुपारपर्यंत आणखी दोन. झिंगा तर दिसेचना. मासे खात होते, पण मोठा खाऊन झाल्यावर कोपऱ्यात जाऊन थांबत होता, कल्ले भराभरा हलवत.

कोंडीबानं तिन्ही शंख बाहेर काढून वाटीत ठेवले.

"फेका ते, वास मारतोय," सुलाबाई मोरीतून म्हणाली. "शंखच मेल्यात, मासं हायत न्हवं चांगलं? पोरगी तिकडं शिकाय गेलीया, उगं तिच्या जिवाला घोर लावू नगा."

संध्याकाळी बिरदेवचंही तेच. "आबा, शंख म्हणजे काय, पन्नास रुपयांची वस्तू. ती यायच्या आत मी आणून टाकतो तीन. तिला कळणारपण नाही."

ते त्याला पटलंसुद्धा. रात्री झोप लागली. दुसरा दिवस गुरुवारचा. गुरुवारी सुलाबाई तांब्याची भांडी घासते. चिंच आणि मीठ लावून तिनं हंडा चोळायला घेतला. कोंडीबा चहाचा कप ठेवायला मोरीपाशी आला आणि थबकला. हंड्यावरून मोरीत उतरणारं पाणी हिरवट काळं होतं.

"अगं, हे काय निगतंय?"

"तांबं सुटतंय की. चिंच-मिठानं सुटायचंच. म्हणून तर ताक ठेवत न्हाईत तांब्यात, कळकतंय. तुमाला काय म्हाईत न्हाई व्हय?"

त्याला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. ताकाला जे चालत नाही ते आपण मीठपाण्यातल्या जिवाला पाच दिवस घातलं होतं, दर गुरुवारी घासून नवा कोरा केलेल्या हंड्यातलं.

तो टाकीपुढं जाऊन बसला. आणि त्याला कवठे महांकाळच्या बाजूचं एक शिवार आठवलं.

तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, दुसऱ्याच्या मेंढरांवर राखणीला. राखणदाराचा एक रिवाज होता. जितराब मेलं तर त्याचा खुणेचा कान कापून आणून धन्याला दाखवायचा, म्हणजे विकलं नाही, खाल्लं नाही, हे कळतं. त्या दिवशी कोंडीबाचा डोळा लागला आणि एक मेंढी कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरली. त्या फुटव्यात विष असतं, माणसं त्याला किराळ म्हणतात. घटकाभरात मेंढी फुगून गेली. कोंडीबानं कान नेऊन दाखवला, पण झोपलो होतो हे कसं सांगायचं? साप चावला म्हणाला. धन्याला ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी धनी स्वतः मेंढरं घेऊन त्याच वाटेनं गेला. अकरा मेली. कोंडीबा अकरा कान बघत उभा राहिला आणि तरीही बोलला नाही. ते आजवर सुलाबाईलाही ठाऊक नव्हतं.

त्यानं बिरदेवचा नंबर लावला नाही. सृष्टीचाच लावला.

"सृष्टी, तीन शंख मेलं काल. झिंगा दिसना. मोठा मासा कोपऱ्यात ऱ्हातोय."

"काल? मग आज का सांगताय आबा? काय बदललं? खाणं? दिवा?"

"पानी. तुज्या जारचं न्हाई वतलं. फिल्टरचंच, पर तांब्याच्या हंड्यात रातभर ठिवल्यालं. पाच दिस."

"आबा, तांबं विष आहे त्यांना. शंखांना आधी लागतं, मग माशांना."

"व्हय. मीच लावलंय. आता काय करू ते सांग."

ती सांगत गेली, तो करत गेला. गॅलरीतल्या पिंपात तिनं कालवून ठेवलेलं खारं पाणी होतं. टाकीतलं तिसरा हिस्सा उपसून ते घालायचं. गुडघे दुखत होते, तरी तो बादल्या वाहत राहिला. सुलाबाई बडबडत का होईना, दुसऱ्या बाजूनं बादली धरत होती. तासाभरात जोतिबा आला, पाणी तपासायच्या नळ्या आणि कोळशाची पिशवी घेऊन. नळीतल्या पाण्याला निळसर रंग चढला, तसा तो मान हलवत म्हणाला, "आहे तांबं. पण आबा, तुम्ही लय बरं केलं सांगितलं. शंख मेले तर लोक गप बसतात. मासा मेल्यावर मला बोलावतात. मग मी येऊन काय करू, हार घालू?"

तांबं शोषून घ्यायला कोळसा पाण्यात सोडला. शुक्रवारी पुन्हा पाणी बदललं. लहानी सावरली, दगडाआडून बाहेर येऊन खायला लागली. मोठा मात्र शनिवारी सकाळी वाळूवर आडवा पडलेला होता.

कोंडीबानं त्याला डबीत घातलं आणि डबी फ्रीजच्या वरच्या खणात ठेवली.

"आबा, फ्रीजमध्ये?" बिरदेव म्हणाला.

"राखणीचं जितराब हाय. धन्याला दावल्याबिगार टाकायचं न्हाई."

सृष्टी गुरुवारी आली. बॅग खाली ठेवायच्या आत त्यानं डबी तिच्या हातात दिली. तिनं उघडून बघितली, मिटली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दुसरा दिवसही नाही. सुलाबाई नातीवर चिडली तर कोंडीबानंच तिला गप्प केलं. "तिचं गेलंय. बोलायचं का न्हाई ते तिनं ठरवायचं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सृष्टी त्याच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

"लहानीनं आज किती वेळा खाल्लं?"

"तीनदा. दुपारचं निम्मं सांडलं."

"बरं."

मग त्यानं तिला ज्वारीची गोष्ट सांगितली. अकरा कान सांगितले. पन्नास-पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. सुलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती आत गेली आणि त्याच्यासाठी परत चहा टाकला.

जूनमध्ये सृष्टीला कोचीतच पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली. दोन वर्षं. बिरदेव म्हणाला, टाकी आता जोतिबाला देऊन टाकू.

"नको. आबा बघतील."

"अगं, माज्या हातनं मेलाय एक," कोंडीबा म्हणाला.

"हो, मेलाय. तो राग अजून आहे माझा. पण तुम्ही सांगितलंत म्हणून लहानी राहिली. दुसरा कुणी सांगेल याची मला खात्री नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला तो तिला फोन करायचा. पाणी किती उडालं, काय खाल्लं, काचेवर शेवाळ कुठं धरलं. चूक झाली तर तीच आधी सांगायचा. एकदा खाणं दोनदा पडलं, तेही सांगितलं. एकदा दिवा लावायचा राहिला, तेही. दिवाळीत जोतिबानं लहानीपेक्षा लहान अशी एक मादी आणून सोडली. आठ दिवस जाळीच्या डब्यात तिला टाकीतच वेगळी ठेवली. मग दोघींचं जमलं. जानेवारीत लहानीनं तिच्याभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. लहानी नर झाली, हे कोंडीबानं फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारची माणसं दारात आली.

अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, मंगळवारी दुपारी, कोंडीबा झोपेतच वारला. त्या संध्याकाळी सातचा फोन सुलाबाईनं केला, पाणी किती उडालं ते सांगायला.