बंगाली डॉक्टरच्या लेकीचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. सागाचा हाय, बाभळीचा न्हाई. डोंगरकडा गावच्या ग्यानबाच्या घरचा. पाळणा म्हणजे गोड आवाजात अंगाई म्हणणार असं वाटत असंल, तर पुढं वाचू नका. माझ्या कड्या कुरकुरतात, तसाच मी बोलतो.

ग्यानबाच्या बापानं दाराच्या चौकटीचं उरलेलं लाकूड सुताराला दिलं, त्यातून मी झालो. माझ्यात पहिला निजला तो ग्यानबाच. लई रडका. मंग त्याची भावंडं, मंग त्याचा पोरगा बालाजी. बालाजी शिकला, पुण्याला कंपनीत लागला. त्याचं पोरगं तिकडंच दवाखान्यात झालं. त्याला म्हणं पाळणा लागत न्हाई. मी आढ्याला धूळ खात टांगून राहिलो.

गणपती दूध पिले, त्याच्या पुढल्या सालची गोष्ट. ग्यानबाच्या रस्त्याकडच्या खोलीत बिस्वास डॉक्टर भाड्यानं राहत होता. मूळव्याधीचा बंगाली डॉक्टर. ग्यानबाला त्यानंच नीट बसतं केलं होतं, म्हणून खोली मिळाली. मंग डॉक्टरनं बायको आणली, मिनोती. तिला पोरगी झाली, ती चांगुणाच्या हातावर. चांगुणा बौद्धवाड्यातली सुईण, निम्मं गाव तिच्याच हातावर आलेलं.

ग्यानबाची बायको नर्मदाबाई. तिनं मला खाली काढलं, पुसलं आन डॉक्टरच्या खोलीत टांगलं. पोरीनं पहिल्याच दिवशी मला भिजवलं. ग्यानबानं बी तेच केलं होतं.

वारंगा फाट्यावर नरसिंगचं पंक्चरचं दुकान. तो ग्यानबाचा दोस्त. ओसरीवर येऊन बसला की मला सगळं ऐकू यायचं.

"बांगलादेशातून आधी येक माणूस येतो," नरसिंग म्हणाला. "बियाण्यासारखा. मंग बाकीचे. वीस वर्सात आपण कमी, ते जास्त."

"पण इथं तर येकच घर हाय."

"तेच तर. बाकीचे दिसत न्हाईत, म्हंजे लपलेत."

ग्यानबाला हे बराबर वाटलं.

डॉक्टर दारात आला. "काका, माझा जन्म चंद्रपूरकडचा. बाप निर्वासित, त्याला सरकारनंच तिथं वसवलं."

नरसिंग ग्यानबाकडं वळला. "बघा, तयारी किती जुनी हाय."

नरसिंग गेल्यावर ग्यानबानं बोटं मोजली. "आला तवा येक. बायको आणली, दोन. आता तीन. दोन वर्सात तिप्पट."

नर्मदाबाई भाकरी थापत होती. "लगीन झाल्यावर तुमी बी येकाचे दोन झाले व्हते. गाव नावावर झालं का?"

"तुला राजकारण कळत न्हाई."

"न्हाई कळत. तव्यावरची भाकरी उलटा."

ग्यानबानं भाकरी उलटली आन डॉक्टरच्या खोलीत आला. "ऐतवारपर्यंत खोली रिकामी करा."

"काका, बायकोला अजून उभं राहता येत नाही."

चांगुणा तिथंच लेकराला तेल लावून राहिली होती. तिनं मान वर केली न्हाई. "सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाई, ग्यानबादा. तुमच्याच घरची रीत."

"ती आपल्या लोकायसाठी. ह्यायचं गाव येगळं."

"नाळ म्या पुरली, तुमच्याच परसात. उकरून देऊ का, बिऱ्हाडासंग न्यायला?"

ग्यानबा घुटमळला. माणसाला घराबाहेर काढायला तो भीत नव्हता, रीत मोडायला भीत होता. "सव्वा महिना तर सव्वा महिना. वर येक दिस न्हाई."

दुपारी डॉक्टर सायकलवर गावं फिरायला जायचा, बायका नळावर, मिनोती ग्लानीत. पोरगी रडायची. आधी ग्यानबा ओसरीवर नुसता खाकरायचा, जसं काय त्यानं ती गप बसणार. मंग एकदा आत आला, दाराकडं तोंड करून माझी दोरी ओढली. मंग रोजच. तिला सोयाबीनचा भाव सांगायचा, बालाजीचं पत्र न्हाई आलं ते सांगायचा. नरसिंगच्या मोटारसायकलचा आवाज आला की दोरी सोडायचा.

सव्वा महिना भरला. डॉक्टरनं टेम्पो आणला. भांडी चढली, गादी चढली. पोरगी चांगुणाच्या कडेवर. सगळे ग्यानबाकडं बघून राहिले. "राहू द्या" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तंबाखू मळायला घेतली आन मळतच राहिला. दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे त्याला चारचौघांत धोतर सुटल्यासारखं वाटायचं. त्याची तंबाखू झाली, तवर टेम्पो वळणावर गेला होता.

मिनोतीनं मला पुसून, आत तांदूळ आन नारळ ठेवून परत दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नरसिंग आला. "गेले म्हंजे दुसरं गाव धरलं त्यायनं." गावातले तिघं कमी झाले, तरी ह्याचा हिशेब वाढलाच.

दुपारी ग्यानबा सवयीनं माझ्याजवळ आला, दोरी हातात घेतली. नर्मदाबाई आतून म्हणाली, "रिकामा पाळणा हलवू नये."

त्यानं डोक्याचा रुमाल काढला, घडी करून माझ्यात ठेवला आन हलवत बसला.

त्याला लई सालं झाली. आमचा हिंगोली जिल्हा झाला. ग्यानबा गेला. ती खोली कुणी घेतली न्हाई. बालाजी दिवाळीला येतो. तिकडं म्हणं लोक त्याला बोलतात, मराठवाड्यातल्यांनी येऊन येऊन पुणं भरवलं. नर्मदाबाईनं ऐकलं आन त्याला अजून एक भाकरी वाढली.

सध्या माझ्यात कांदे हायेत. कुणाला पाळणा लागत असंल तर न्या, नर्मदाबाई न्हाई म्हणत नसती. लेकरू कुणाचं, कुठलं, सांगायची गरज न्हाई. फक्त दोरी नवी आणा. जुनी कुजलीय, लेकरू पडंल.