उजव्या कोपऱ्यातली भाची

सहाच्या बातम्यांना जेमतेम दहा मिनिटं उरली होती आणि टीव्हीच्या निळ्या पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही' असं लिहून येत होतं.

"हा तुझा पराक्रम," बेबी म्हणाली. अडुसष्टावं लागलं तरी घरादाराला ती बेबीच होती. "पोरीनं खिडकीत लावून दिला होता, तिथं छान चालला होता. अँटेना बाल्कनीत न्यायची अवदसा कुठून आठवली तुला?"

"मोकळ्यावर चांगलं पकडतो. मला शिकवू नकोस," बाल्कनीतून ताईचा आवाज आला.

शिकवायची सोय नव्हतीच. घरोघरी टीव्ही नवे होते तेव्हा अख्ख्या इमारतीत अँटेना फिरवावा तर ताईनंच. टेलिफोन ऑफिसातून थकून आली तरी शेजारणी तिला जिन्यातूनच गच्चीवर पिटाळायच्या. खालून कुणी ओरडायचं, "मुंग्या आल्या!" कुणी म्हणायचं, "एकाची दोन माणसं दिसतायत!" मग ताई पाइपाला असा नाजूक हिसका द्यायची की सगळ्या खिडक्यांतून एकदम "आलं, आलं!" उठायचं. दिवसभराचा शीण तिथंच उतरायचा.

आता केबल काढली ती भाचीपायी. मधली बहीण गेल्यावर ही पोर दोघींनी वाढवली. आज ती पहिल्यांदाच बातम्यांच्या कोपऱ्यात उभी राहून, ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांच्या खुणांनी बातम्या सांगणार होती. वाहिनी होती लहानशी, केबलवाल्याच्या दोनशे वाहिन्यांत तिला थारा नव्हता. म्हणून भाचीनंच अँटेना आणि कन्व्हर्टर बॉक्स आणून जोडला, वाहिनी लावून दिली आणि "आता कश्शाला हात लावू नका" असं बजावून गेली. ताईनं दुसऱ्याच दिवशी हात लावला.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं बाई."

"मुंग्या तरी?"

"मुंग्यासुद्धा नाहीत. त्या असत्या तर काहीतरी चाललंय असं वाटलं असतं!"

ताई अँटेना इकडे वळवी, तिकडे वळवी. मनगट भरून आलं. सहाला दोन मिनिटं असताना तिनं तो कठड्यावर टेकवला आणि स्टुलावर मटकन बसली.

"नाही जमत मला," ती म्हणाली. असं ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती.

तेवढ्यात आतून बातम्यांचं संगीत वाजलं.

"आलं! ताई, आलं! काय केलंस?"

"काही नाही. बसले."

"मग बसूनच राहा! हलू नकोस!"

ताई फोटोला बसावी तशी ताठ बसली. "दिसली का?"

"दिसली! उजव्या कोपऱ्यात. केस बांधलेत. अगं, काय दिसतेय!"

"हात कापतायत का तिचे?"

"छे! भराभरा चाललेत."

ताईनं मान लांबवली. दाराच्या फटीतून तिला टीव्हीची वायर दिसली आणि बेबीचे गुडघे. बेबीच्या नजरेनं बघायचं? जिला आपण न्हाऊ घातलं, त्या पोरीला?

ती विचार करू लागली. बसून तिनं केलं काय? काहीच नाही, फक्त हात थांबला. ऑफिसात ती तीस वर्षं लोकांना हेच तर सांगत होती: जोडतेय, जरा धरा, मधेच ठेवू नका. धीर नसलेल्यांचा फोन कधी लागलाच नाही. हा बॉक्सही त्याच जातीचा, सावकाश जोडणारा. आणि आपण त्याला दम घेऊ देत नव्हतो.

ताई उठली.

"अगं ए! जाईल ना!" बेबी किंचाळली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"जात नाही. सरक तिकडे."

चित्र जागचं हललं नाही. सोफ्यावर दोघी खेटून बसल्या. कोपऱ्यातल्या त्या वीतभर चौकटीत त्यांची पोर भुवया उंचावत होती, बोटं जुळवत होती, गाल फुगवत होती. दोघींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बेबीनं ताईचा दुखरा हात मांडीवर घेतला आणि नकळत चोळत राहिली.

बातम्या संपल्या तसा फोन वाजला.

"मावशी, दिसले का गं मी?"

"दिसलीस तर!" ताई म्हणाली. "आता एवढं सांग, बातम्या काय होत्या? आमचं तिकडे लक्षच नव्हतं."