माहेरचा भाव

विनिताचं काम ऐकायला सोपं. बाजारभावाच्या पाहणीसाठी दुकानात जायचं, मालाचा भाव बघायचा, फोनमध्ये भरायचा. भाव मात्र तोच, जो कुठल्याही गिऱ्हाइकाला लागेल. तिच्या डोळ्यांत धूळ टाकणाऱ्यानं भिवंडीत अजून दुकान उघडायचंय, असं ती स्वतःच सांगायची, आणि त्यात फुशारकी फारशी नव्हती.

म्हणूनच तिचा साहेब विशाल जेव्हा म्हणाला की शेलार गावचे भाव खोटे वाटतात, तेव्हा ती पेटली.

"धामणकर नाक्यावर तूरडाळ एकशे साठ आणि शेलारला एकशे चाळीस? घरी बसून भरता काय, मॅडम? तसं असेल तर काम बंद."

"उद्या सोबत चला. माझा आकडा चुकला तर मीच सोडते."

शेलार तिचं माहेर. तिथे आक्काचं दुकान. फळीवर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, सगळे भाव आक्काच्या तोंडात. दुसऱ्या दिवशी विनिता बाहेर रिक्षापाशी थांबली आणि विशालला एकट्याला आत पाठवलं.

"एकशे साठ," आक्कानं त्याला सांगितलं.

बाहेर ते ऐकून विनिता हसली. आक्काला प्रश्न नीट ऐकू आला नसेल. ती आत गेली नि तोच प्रश्न विचारला.

"एकशे चाळीस, बाय."

विनिताचं तोंडच उतरलं. "आक्का, यांना एकशे साठ सांगितलंस ना?"

"तो परका हाय. तू गावची लेक. माहेरवाशिणीला कुणी पुरता भाव सांगतं काय?"

अरे देवा. म्हणजे इतके महिने ती डाळीचा भाव नव्हे, आक्काची माया भरत होती!

विशालला हसू आवरेना. "खोटं नाही, पण चूक ती चूकच. शेलार दुसऱ्याला देतो."

"चूक माझी, दुरुस्तही मीच करणार," विनिता म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. "आक्का, फळीवर भाव लाव. सगळ्यांना एकच."

"म्हंजे तू बी परकी?"

"ड्युटीवर हाय तवर परकीच धर."

आक्का उठली. खोक्याचे पुठ्ठे कापून तिनं मोठ्या अक्षरांत भाव लिहिले, फळीवर लावले. विनितानं एकशे साठ भरले, मागचे आकडेही चुकीचे म्हणून कळवले. विशालनं मान डोलावली. शेलार तिच्याकडेच राहिलं.

निघताना तिनं घरासाठी किलोभर डाळ मागितली. आक्कानं तोलली, पिशवी पुढे सरकवली आणि पुठ्ठ्याकडे बोट केलं.

"एकशे साठ."

आक्कानं वर बघितलं नाही. नियम विनितानंच घालून दिला होता. तिनं पूर्ण पैसे दिले.

"येते, आक्का."

"ये," आक्का म्हणाली. "पन ड्युटी घरी ठेवून येशील तवा ये."